सतरा नंबरचा पिंजरा

पूर्वी चाळीस पिंजरे होते आणि चाळीसही पायाखालचे.
उजाडताच निघायचं, दलदलीत बूट रुतवत,
ओढ्याकाठी वाकून बघायचं, मिंक आहे का.
बहुतेक वेळा नसायचाच.
कधी एखादं पाणमांजर, दात विचकून बसलेलं,
त्याला सोडायचं, शिव्या खायच्या, पुढे.
सतरावा पेगी-ॲनच्या घरामागे. तिथे चहा.
चहा म्हणजे तासभर:
कोण गेलं, कुठली फेरी वादळाने अडली,
नवऱ्याचा रेडिओ अजून कसा त्याच्यासारखाच खाकरतो.

आता प्रत्येक पिंजऱ्यावर साबणाच्या वडीएवढी डबी.
दार पडलं की लोहचुंबक सुटतं,
ते सुटलं की माझ्या खिशातला फोन थरथरतो.
नाही पडलं, तर सकाळी सहाला एक ओळ:
सर्व उघडे, सर्व रिकामे.
मी ती अंथरुणातच वाचतो. बुटांना बुरशी आली.
ऑफिसातली मोरॅग म्हणते, रुआरी, किती मैल वाचले तुझे!
वाचलेले मैल कुठे ठेवायचे, ते काही ती सांगत नाही.

आमच्या बेटावर रविवारी दोरीवर कपडेसुद्धा वाळत नाहीत.
शनिवारी संध्याकाळीच मी पिंजरे मिटून यायचो.
डबीला वार कळत नाहीत.
गेल्या रविवारी, स्तोत्राची ओळ पुढच्याने टाकलेली,
सगळ्या चर्चने ती नुकती उचललेली,
आणि माझ्या बरगडीपाशी थरथर. सतरा.
अडकलेल्या जिवाला ताटकळत ठेवू नये, असा कायदा आहे.
उठलो. मला वाट द्यायला अख्ख्या बाकाने गुडघे वळवले,
मग डोळे.

बंदूक घेऊन वाकलो.
दार पडलेलं. आत कोणी नाही.
माशाचा तुकडा जसाच्या तसा.
ओल्या मातीत ना पंजा ना केस,
फक्त काठीच्या टोकाचे गोल ठसे,
घराकडून आलेले, घराकडे गेलेले.

किटली शिट्टी देत होती.
"दार उघडंच आहे," ती आतून म्हणाली.
मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.
दुसऱ्या कपात साखर आधीच विरघळली होती.

सोमवारी वहीत लिहिलं:
पिंजरा सतरा. खोटी सूचना. कारण, वारा.

रविवारी समुद्रावर साय धरली होती,
इतका तो निवांत होता.