तेवीस एकाहत्तर

मार्चअखेरीला नवी यंत्रणा आली खोक्यांतून.
थर्माकोलच्या गोळ्या अजून सापडतात टेबलाच्या खणात.
मी नागपूरहून आलेला वायरलेस मेकॅनिक,
रेंज ऑफिसच्या मागच्या खोलीत
लॅपटॉप, केबल, स्टूल,
आणि खिडकीतून मोहाचा आंबूस गोड वास.

जुन्या सेटला एकच वाट होती.
सगळे तिथूनच बोलायचे, एकमेकांच्या पायात पाय घालत.
कुळमेथे बाबू तीस वर्षं ती वाट ऐकत आले.
कोण बोलतंय ते त्यांना
नाव सांगण्याआधी खोकल्यावरून कळायचं.

"आता पाच वाटा," मी म्हटलं,
"आणि कोण कुठल्या वाटेनं येईल
ते आधी कुणालाच ठाऊक नाही."
"मंग भेटन कसं?"

म्हटलं, वडशाचं बसस्थानक आठवा.
गाडी रोज वेगळ्या फलाटाला लागते,
पण खिडकीतला कंट्रोलर पुकारत असतो:
कुरखेडा, दोन नंबर. आरमोरी, चार नंबर.
आपण त्याच्याकडे कान ठेवायचा
आणि आपल्या गावाची पाटी लक्षात ठेवायची.
हा जो घरघराट येतोय ना स्पीकरमधून,
बाटलीत माशी अडकल्यासारखा,
तो कंट्रोलर.
माणसाची भाषा येत नाही त्याला,
पण तो झोपत नाही.

"आमचा त झोपते बाप्पा," बाबू म्हणाले.

मग मी पाट्या लिहीत बसलो.
आधी यंत्रणा, मग टॉवर, मग फ्रिक्वेन्सी दशांशासकट,
मग एकेका गटाचा आकडा, आकड्यापुढे नाव.
नावाला जागा कमी.
बिबट बचाव पथकाचं झालं नुसतं 'बिबट',
आणि पडद्यावर ते उमटलं की
चहा आणणारा गिरिधर दारातच थबकायचा.
पोलिसांचे गट मी घेतले नाहीत,
ते ऐकायची परवानगी आपल्याला नव्हती.
आगीचे घेतले, रुग्णवाहिकेचा घेतला,
अकरा बीटांचे अकरा.

संध्याकाळी पंखा, माशी, आणि बाकी काही नाही.
"पाहा," मी म्हटलं, "शांत आहे सगळं."
बाबूंनी मान हलवली नाही.

सहा एप्रिल.
मोह वेचायला सोपं जावं म्हणून
कुणीतरी झाडाखालचा पाला पेटवला, वारा फिरला.
मुरपारच्या मचाणावरून शेवंता उईके बोलत होती,
चाळीस मिनिटं,
धूर कुठं, किती, कोणत्या नाल्याकडे,
नीट, नियमाप्रमाणे, प्रत्येक वाक्यानंतर बटण सोडून,
उत्तराला जागा ठेवून.

आम्ही इकडे चहा पीत होतो.

ती मोटारसायकलवर आली तेव्हा
भुवया करपलेल्या, ओढणी ओली, तोंडाला गुंडाळलेली.
माझ्याकडे नाही, यंत्राकडे पाहून म्हणाली,
"हे बहिरं हाय काय?"

बहिरं नव्हतं.
मुरपारचा आकडा २३७१.
मी भरला होता २३१७.
माशी तिच्या गाडीचा फलाट दर वेळी पुकारत होती,
आणि आमच्या हातात दुसऱ्याच गावाची पाटी.

रात्री राख उडत खिडकीपर्यंत आली.
मी ते दोन आकडे तोंडानं म्हणून पाहिले.
सतरा. एकाहत्तर.
जिभेला यात कुठं सारखेपणा आहे?
मी बोटांनी वाचलं होतं, घाईत,
आवाज न करता.

आता कुठंही गेलो, भंडारा, साकोली, चिमूर,
आकडा भरताना मोठ्यानं म्हणतो.
पोरं हसतात, पाढे म्हणतात गुरुजी.
म्हणू देत.
आणि खोली शांत झाली की
मी शांत आहे असं म्हणत नाही.
एकेका पाटीला हाक मारतो, थांबतो.

मुरपारहून शेवटी येतो खरखरत,
थोडा रागातलाच, अजूनही:
"येते ऐकू. तुम्हाले येते का?"