किरकोळ

दुपारी साडेतीनला मेस रिकामी होते.
ताटं पालथी, कुकर तोंड उघडून पडलेला,
खाडगाव रोडवरच्या क्लासांची पुढची बॅच सुरू.
मी वही काढते.
डावीकडं आलेले, उजवीकडं गेलेले,
मधली रेघ माझ्या हातची, म्हणून वाकडी.

जूनमध्ये बेचाळीस पोरं होती, आता चौतीस.
एकाच्या वडलांचं वाळूजला काम सुटलं.
गाडीचा कसला तरी भाग करायचे ते, जर्मनीला जायचा,
जायचा थांबला.
पोरगा हे सांगताना वाटीकडं बघत होता,
मीही वाटीकडंच बघितलं.
वरण पातळ होतं.
ते मीच केलं होतं पातळ.

तेलाचं तर असं झालं:
पंधरा किलोचा डबा, वर पिवळंधमक फूल.
त्या फुलाच्या मुलखात लढाई लागली
हे मला टीव्हीच्या आधी शिवलिंगअप्पाच्या दुकानात कळलं.
"महानंदाताई, आजच घेऊन जावा, उद्याचं मी सांगत न्हाई."
दोन डबे उचलले. लिहून ठेवा म्हटलं.
त्या आठवड्यात गुरुवारची पुरी गेली,
मग भजी,
मग फोडणीचा आवाज.
तेल कमी असलं की मोहरी तडतडत नाही,
नुसती बघत राहते.

आमचे हे गूळ मार्केटमागच्या दालमिलमध्ये काट्यावर असतात.
बर्माच्या तुरीचं रिकामं पोतं एकदा घरी आणलं,
त्यावर गोल गोल अक्षरं, फुटक्या बांगड्या मांडल्यासारखी.
काय लिहिलंय कुणालाच येईना.
धुऊन दारात पायपुसणं केलं.
डॉक्टर होणारी पोरं रोज
त्या अक्षरांवर पाय पुसून जेवायला बसतात.

बाहेरची तूर आली की माझी डाळ उतरते,
मिल दोन पाळ्या चालते,
यांचा ओव्हरटाइम निघतो.
आणि त्याच रात्री औशाहून वहिनीचा फोन येतो:
"भाव पडला ओ ताई. पोरीच्या कॉलेजचं पुढच्या साली बघू."
मी फोन या कानावरून त्या कानाला लावते.
बरं वाटलेलं आणि लाज वाटलेली
एकाच कानात ठेवता येत नाही.

घरातलं काय काय गेलं, त्याची वही नाही.
आधी पेपर.
मग माझं रिचार्ज अठ्ठावीस दिवसांवर आलं,
तेव्हापासून महिनाच आखूड झालाय.
सासूबाई गुडघ्याची गोळी एक दिवसाआड घेतात,
म्हणतात, रोज रोज कुठं दुखतंय.
रोज दुखतं. जिना चढताना मला ऐकू येतं.

परवा धारूरचा अदनान जेवता जेवता म्हणाला,
"काकू, महागाई पाच टक्केच वाढलीय, बातम्यांत सांगितलं."
म्हटलं, पाच टक्के जेवणारा पोरगा असला तर घेऊन ये,
त्याला फुकट घालते.
सगळे हसले.
त्यानं तिसरी पोळी घ्यायचा हात मागं घेतला.
मला तसं म्हणायचं नव्हतं.
दोन पोळ्या वाढल्या, तरी तो "बास, बास" म्हणत राहिला.

वहीच्या मधोमध टाळेबंदीची पानं आहेत.
वर तारखा घातलेल्या, खाली काही नाही.
कागद महाग, तरी ती मी वापरत नाही.

हिशेब आजही जुळत नाही.
सहाशे चाळीस रुपये कुठं गेले ते आठवत नाही.
शेवटी लिहिते: किरकोळ.
कोथिंबीर, रिक्षा, गॅसवाल्या पोराचे वीस,
कुठल्या तरी समुद्रात अडकलेलं जहाज,
सगळं त्यातच.

चार वाजले. उद्याचा फळा लिहायचा.
भात, वरण, पोळी, भेंडी.
भेंडी पुसते.
लिहिते: भाजी.
कसली, ते सकाळी बाजार सांगेल.