तारेचे लोक

रेजायनापासून तीन तास, रस्ता पट्टीनं आखल्यासारखा,
आणि मग एक खांब.
माझ्या फायलीत त्याला ‘प्रार्थनास्थळ’ म्हटलंय.

करमाफीचा अर्ज, पानं सहा.
सदस्य: पाच. (एक इस्पितळात.)
संस्थापक: थोरडिस, स्टेशनातली तारवाली.
१९११च्या हिवाळ्यात, रात्रपाळीला,
यंत्र बंद असताना तिला तार आली.
कुणाकडून, तो रकाना कोरा.
मजकूर: ऐकू येतंय.

दर रविवारी ही माणसं खांबाला कान लावतात,
पाळीपाळीनं, टोपी काढून,
पारा उणे तीसवर असला तरी.
कातडी लाकडाला चिकटू नये म्हणून मध्ये लोकरीचा तुकडा;
त्याला तीन ठिगळं, आणि ठिगळांनाही आता
कुणी नुसत्या हातानं शिवत नाही.

‘धर्मग्रंथ आहे?’ मी अर्जातलं वाचलं.
‘दोन शब्द,’ म्हातारी ऑर्लीन फ्रीसेन म्हणाली.
‘भाष्यं?’
‘भांडणं आहेत. चौतीस साली आम्ही फुटलो.
काहींचं म्हणणं, ते विधान नव्हे,
शेवटी प्रश्नचिन्ह होतं, थोरडिसच्या हातून निसटलं.
प्रश्नवाले एडमंटनला गेले.
माझा सख्खा काका होता त्यांच्यात.
मेला तेव्हा आम्हाला कळवलंही नाही.’

मी हसणार होतो.
पण शाळेतल्या सिस्टर बर्नाडीन आठवल्या,
फळ्यावर खडूनं उभी रेघ ओढून सांगणाऱ्या,
की एका शब्दापायी पूर्वेची चर्चं पूर्वेला राहिली
आणि आपण इकडे.
तेव्हा कुणी हसलं नव्हतं. परीक्षेला होतं ते.

‘तुम्ही किती जण?’ तिनं विचारलं.
म्हटलं, शंभर कोटींच्या वर.
ती हळहळली,
घरात पाहुणे फार झालेत असं मी सांगितल्यासारखी,
आणि बिटाच्या लोणच्याची बरणी पुढे सरकवली.

तारा कंपनीनं कधीच काढून नेल्या.
खांब यांनी विकत घेतला, अकरा डॉलरला;
पावती चौकटीत, घड्याळाशेजारी.
‘तारा नाहीत, मग आता ऐकता काय?’
‘आता बरं ऐकू येतं,’ ती म्हणाली,
‘पूर्वी मध्ये वारा गुणगुणायचा.’

समोर लूथरन चर्च: नवं छप्पर, चाळीस गाड्यांची जागा.
त्यांचा पाद्री शनिवारी रात्री खांबाभोवतीचा बर्फ काढतो.
विचारलं तर म्हणाला, ‘रस्ता सरकारी आहे.’
पण मी सकाळी लवकर निघालो होतो, आणि रात्री पुन्हा पडलं होतं थोडं:
चर्चच्या मागच्या दारापासून खांबापर्यंत बुटांचे ठसे,
खांबापाशी बर्फ दाबून घट्ट झालेला,
कुणी बराच वेळ एका पायावरचं वजन दुसऱ्यावर घेत
उभं राहिल्यासारखा.

नियमाप्रमाणे किमान दहा सदस्य लागतात.
गाडीत बसून हीटर लावला.
अर्जाचं सहावं पान: अधिकाऱ्याचा अभिप्राय.
पेनातली शाई गोठली होती.
ती सुटेपर्यंत
मी इंजिन बंद केलं.