अकरा मिनिटं पुढे

धम्मदीपाला सुट्टीत कोरियातलं घड्याळ करायचं होतं,
सहाशे वर्षांपूर्वीचं, राजवाड्यातलं, पाण्यावर चालणारं.
मी म्हटलं, पाण्यावर तर आपलं घरही चालते, बाप्पा.
बावीस वर्षं पहाटे साडेचारला
लोखंडी चावी खांद्यावर टाकून
टाकीखालचा व्हॉल्व्ह फिरवतो मी, चौदा आटे,
तेव्हा टेका नाक्याकडच्या गल्ल्यांत उजाडते.

तिच्या वहीत एकाखाली एक तीन भांडी.
'एकच का नाही पुरत?' तिने विचारलं, परीक्षा घेतल्यासारखं.
टाकी भरलेली असली की धार तेज,
तळ गाठला की तीच धार म्हातारी.
हे मला पुस्तकाने नाही,
शेवटच्या गल्लीतल्या बायांनी शिकवलं, शिव्या देऊन.
मधलं भांडं त्या शिव्या अंगावर घेते,
खालच्याला कळू देत नाही वर किती उरलं ते.

इतवारीतून छर्रे आणले, बारीक आणि जाड.
सलाईनची नळी कुंदाने आणली,
आणि कूलरसमोर बसून
तिनेच चाकाला बोट लावून धार बसवली,
मिनिटाला वीस थेंब,
ओठ न हलवता मोजत,
मेयोत रात्रपाळीला मोजते तशी.

पाणी चढते. पाण्यावरची काडी चढते.
काडी बारीक छर्र्याला ढोसते,
बारीक जाऊन जाडाची वाट मोकळी करतो,
जाड पडतो, आणि त्याच्या वजनाने
लाकडी बाहुल्याचा हात उठतो:
ठण्ण.
एवढ्याशा पाण्याला घंटा वाजवता येत नाही,
म्हणून ओळखीपाळखीतून काम करून घेतलं त्याने.

रात्री घड्याळ गच्चीवर. मे महिना.
दोन वाजताही डब्यातलं पाणी चहासारखं.
घंटा झाली, उठलो, चावी घेतली.
चौदा आटे.
नळ सुटले आणि एकही बादली वाजली नाही.
सगळे टिल्लू पंप झोपलेले.
पाणी कोणी न ओढता सरळ गेलं,
शेवटच्या गल्लीपर्यंत, मनगटाएवढ्या धारेने.
तिथे भागीरथाबाई एकटी जागी,
भरलेल्या हंड्याकडे पाहत म्हणाली,
'काऊन जी, आज घड्याळ पुढं का तुमचं?'

अकरा मिनिटं.
धम्मदीपाने वहीत लिहिलं: तापलं की पाणी पातळ होते, पळते.
तिकडेही ऋतू बदलला की काडी बदलत, म्हणाली,
आणि नवी काडी तासायला बसली,
खुणा जरा लांब लांब,
वर बॉलपेनने: 'नागपूर, मे'.

जुनी तिने कचऱ्यात टाकली होती.
मी उचलली, पुसली,
चावीच्या दांड्याला बांधून ठेवली.