जेवढ्यास तेवढं

सोहारच्या बंदराबाहेर, वजनकाट्याच्या केबिनमध्ये
दाऊद परकार बसतात. एकतीस वर्षं. गाव म्हसळा.
माझ्या यादीत ते फक्त
'काटा-दोन, साधा वापरकर्ता'.

काट्याचं सॉफ्टवेअर जुनं, हट्टी.
अ‍ॅडमिनचा हात लागल्याशिवाय डोळा उघडत नाही.
माझ्याआधीच्यानं पासवर्ड सरळ
मॉनिटरच्या कडेला चिकटवला होता.
मग कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून
सिनेमासोबत आणखी काही आलं,
आणि तीन दिवस खडीचे ट्रक
गोलचक्करापर्यंत तापत उभे.

मी आले, कागद काढला.
डिंकाचा चौकोन अजून आहे.

तेव्हापासून रोज सातला फोन :
"बाय, ढाल आली."
स्क्रीन काळवंडलेली, मधोमध निळी-पिवळी ढाल
विचारते आहे, कोण तू?
मी उन्हातून चालत जाते, बोटं चालवते.
चाचा तेवढ्यात खिडकीकडे तोंड फिरवतात,
आत कुणी कपडे बदलत असल्यासारखे.
आणि कमरेला गोदामाच्या चाव्यांचा जुडगा.

"तुमच्यावर विश्वास नाही असं नाही," मी एकदा म्हणाले.
"माझा तरी कुठं आहे? डुलकीत माणूस काहीही दाबतो."
तसं मीही दिवसभर साधीच असते.
मोठं खातं लागेल तेव्हा उघडायचं,
काम झालं की मिटायचं, सुरीसारखं.

जूनमध्ये मात्र चालवेना.
एक नेमून दिलेलं काम बांधलं :
चाचांनी चिन्हावर टिचकी द्यायची,
काटा पूर्ण अधिकारानं उठेल,
फक्त काटा, दुसरं काही नाही.
फाइल अशा जागी, जिथं त्यांना वाचता येतं,
लिहिता येत नाही.
नाहीतर त्याच नावाचं भलतंच कुणी आणून ठेवायचं
आणि माझाच अधिकार पांघरून ते उठायचं.

चाचांनी टिचकी मारली. ढाल आली नाही.
"बस? एवढंच?"
एवढंच.

आठवडाभर सातला फोन नाही.
माझ्या टेबलावरचा चहा ऑफिसातला, पातळ.

रविवारी वाजला.
"काय बिघडलं, चाचा?"
पलीकडे ट्रकचा हॉर्न, मग बराच वेळ काही नाही.
"बिघडलं काय नाय.
दोन कप सांगून ठेवलेत.
ये."