भिंतीला डोकं

डिसेंबर. आमच्याकडे तेव्हा उन्हाळा असतो.
कोर्रिएन्तेसच्या दलदलीत तीन वर्षांनी पाणी परतलं,
पाण्यामागून बगळे आले,
बगळ्यांमागून ते, ज्यांचं नुसतं नाव काढलं
तरी माणसं मानगूट चोळू लागतात.

एलादियो बेनीतेसचा फोन पहाटे चारला.
"डॉक्टरीणबाई, पाये भिंतीला डोकं लावून उभा आहे.
मागे सरत नाही.
भिंतीच्या आतून कुणी हाक मारावी तसा."

टॉर्चच्या उजेडात पाहिलं:
करड्या घोड्याचा खालचा ओठ लोंबत होता,
दातांत गवताची काडी, अर्धी चावलेली,
पुढे काय करायचं असतं ते तो विसरला होता.
डोळ्यासमोर हात हलवला. पापणी लवली नाही.
मग तो फिरू लागला, उजवीकडे, फक्त उजवीकडे,
घाण्याला जुंपल्यासारखा,
आणि घाणा कुठेच नव्हता.

एलादियो त्याच्यासोबत फिरत राहिला, मानेवर हात ठेवून.
"पोरीला शाळेत हाच न्यायचा," तो म्हणाला,
"लगाम सोडला तरी वाट चुकायचा नाही."

लस दिली होती का, मी विचारलं.
विचारायचं म्हणून.
या तालुक्यात इतकी वर्षं काही झालं नव्हतं,
म्हणून सगळ्यांनीच ती सोडली होती,
मीसुद्धा आग्रह धरला नव्हता.
अहवालात हे वाक्य नाही.

दुपारी तो आडवा झाला.
आडव्या घोड्याचे पाय हवेत धावत राहतात,
हे ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगता येत नाही.
सुई मी दिली.
मेंदूचा तुकडा बर्फाच्या पेटीत,
पेटी जीपच्या पुढच्या सीटवर, पट्टा बांधून,
कारण रस्ता वाईट आहे.

कुंपणापाशी शेजारी जमले होते, नाकाला रुमाल लावून.
कुणीतरी रॉकेलचा डबा आणला होता.
"त्याच्यापासून लागतं का?"
नाही, मी म्हटलं. घोड्यापासून कुणाला लागत नाही.
हा विषाणू पाखरांत राहतो, डासांतून फिरतो,
आणि घोड्याच्या अंगात शिरला की
त्याला बाहेर पडायला वाट उरत नाही.
माणसातही तेच.
"मग भ्यायचं कशाला?"
घोड्याला नाही, म्हटलं. त्याला चावलेला डास
ज्या डबक्यातून उठला, तिथले बाकीचे
अजून उपाशी आहेत.
कुणी काही बोललं नाही.
बायकांनी पोरांच्या उघड्या पोटऱ्यांवरून
एकदा हात फिरवला.

अकराव्या दिवशी एलादियोची मुलगी इताती बोलली फोनवर.
बाबांना ताप आहे. येर्बाच्या कडू चहाचं भांडं हातात घेतात
आणि विचारतात, हे काय आहे?

गोयाच्या इस्पितळात मी माणसांच्या डॉक्टरांसमोर बसले,
प्रथमच, घोड्यांची वही घेऊन.
बहुतेकांना नुसता ताप येतो आणि जातो, ते म्हणाले,
थोड्यांचाच मेंदू सुजतो.
त्यावर औषध नाही.
सलाईन आहे. थांबणं आहे.
घोड्याच्या ओठाचं काय झालं होतं, त्यांनी विचारलं,
आणि लिहून घेतलं.
मला बरं वाटलं. का, ते कळलं नाही.

आज शुक्रवार. त्यानं काल मुलीचं नाव घेतलं,
चमच्याचं अजून आठवत नाही.
संध्याकाळी मी त्यांच्या वाडीवर गेले,
बादल्या पालथ्या घालायला, टाक्यांना जाळी लावायला.
तबेला रिकामा.
इताती दारात लीद पेटवत होती,
इकडे डासांना असाच धूर करतात.
वाळलेली, दाबलेली, गवताच्या काड्या दिसणारी.
पायेची, ती म्हणाली.
कोपऱ्यात ढीग होता.
तिनं हातानं मोजल्यासारखं केलं:
अजून पंधरा दिवस पुरेल.