झोळ

या एरियाचं नाव सजा.
अरबीत काही वेगळंच असणार.
घरी फोनवर मी शारजा म्हणतो
आणि तिथेच थांबतो.

अजमानच्या साइटवरून लॉरी परत आली,
ब्लॉक डुलतात म्हणून.
ओळंबा सोडला तर भिंत पोट काढून उभी.
मॅनेजर सिमेंटला बोलला, वाळूला बोलला,
मग दिलकुमारला बोलला,
तो सगळ्यात जवळ होता.

रात्रपाळीत मी एक प्लेट उतरवली, खरवडली,
दोन टोकांना सुतळी ताणली
आणि मधल्या फटीत गेजची पाती सरकवली.
एक गेली. दुसरी गेली.
साडेतीन मिलिमीटर.
एकावर एक दोन दिरहम मावतील
एवढा झोळ.
मधल्या रांगेचे ब्लॉक त्यामुळे उंच,
कडेचे ठेंगणे, आणि सगळ्यांवर शिक्का एकच.

हसन खोत एकतीस वर्षं इथे आहेत.
दाभोळच्या खाडीकडचे. चष्म्याला दोरी.
प्लेटीवर पालथा हात फिरवून म्हणाले,
‘मोडेन पण वाकणार नाही,
हे माणसांनी म्हणायचं.
लोखंड आधी वाकतं,
आणि मोडतच नाही, हीच फसगत.
मोडलं असतं तर तुला त्याच दिवशी कळलं असतं.’

दुपारी यार्डात गेलो.
रिकाम्या प्लेटांची थप्पी, चाळीसची,
दोन टोकांना दोन ओंडके,
मधे नुसती हवा, तीही तापलेली.
सगळ्यात खालची एकोणचाळीस जणींना घेऊन
किती महिने पडून होती कोण जाणे.
मशीनखाली वाकलेली म्हणून आम्ही मशीनला शिव्या देत होतो,
ती तर इथेच वाकली होती,
सुट्टीवर असताना.

मशीनही काही साधू नव्हतं.
टेबलाचं डावं रबर दगड झालेलं,
मधली पट्टी घासून इतरांहून खाली गेलेली,
आणि प्लेट टेकते तिथे वाळलेल्या मालाचा
हरभऱ्याएवढा खडा.
वरून हेड दाबतंय, खालून थरथराट,
आणि मधे एक हरभरा.

चार तास मशीन बंद पाहिजे म्हणालो.
मॅनेजरने मिनिटाला तीन प्लेटा या हिशोबाने
मला माझी किंमत सांगितली.
दोन तासांवर तुटलं.
रबरं बदलली, मधल्या पट्टीखाली पत्रा सारला.
तिसऱ्या ओंडक्याची चिठ्ठी कुंजुमोनने स्टोअरमधून परत पाठवली,
बजेटमध्ये मधला आधार नाही.
मग जुन्या साच्याची भिंत कापली,
थप्पीच्या बरोबर पोटाखाली सारली.
पुढच्या थप्पीला दुसरी भिंत.
साच्याला चारच भिंती असतात.

शिवाय प्रत्येक प्लेटीला एका अंगाला खडूची फुली.
आज फुली वर, उद्या फुली खाली.
उलटसुलट करत राहायचं,
एकाच बाजूने सोसायला लावायचं नाही.
सहाशे प्लेटा. दिलकुमारने उलटल्या,
पहिल्या रात्री मोजत, नंतर न मोजता.

आठ दिवसांनी सुतळी लावली.
पाती आत जाईना.
मी दोनदा लावली, तिसऱ्यांदा खोतांना बोलावून,
ते ‘हं’ म्हणाले आणि चहाला गेले.

बेचाळीस प्लेटा बाद झाल्या.
भंगारवाला यायच्या आधी एक चहाच्या शेडपाशी बाक झाली,
एक नळाखालची पायरी.
एक दिलकुमारने खोलीवर नेली, गादीखाली घालायला.
बंकाच्या फळ्या टोचत होत्या.
म्हणाला, हिचा झोळ आणि माझी पाठ
बरोबर जुळते.

मग दारातून परत वळून विचारलं,
‘कुठली बाजू वर ठेवू?’

मी सवयीने म्हणालो,
एक दिवसाआड उलटी करत जा.
तो हसला.
खडू मात्र मागून घेतला.